वृद्धाश्रमात सेन्सर बसवताना : पडझडीच्या नोंदवहीपासून रात्रीच्या चाचणीपर्यंत

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत सर्वाधिक प्रमाण साठीपुढच्यांचे असते. वृद्धाश्रम चालवणाऱ्यांना हा धोका आकड्यांतून समजावून सांगावा लागत नाही, कारण पहाटे बाथरूमला जाताना घसरलेले आजोबा किंवा खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या आजी त्यांनी जवळून पाहिलेल्या असतात. मात्र पडण्याइतकेच घातक असते ते पडल्यानंतर कोणालाच न कळणे. फरशीवर तासाभराहून अधिक काळ पडून राहिलेल्या वृद्ध माणसाच्या शरीरातले पाणी कमी होते, एकाच बाजूवर भार राहिल्याने त्वचेला आणि स्नायूंना इजा होते, त्या स्नायूंतून रक्तात उतरणाऱ्या द्रव्यांमुळे मूत्रपिंडांवर ताण येतो आणि थंडीच्या दिवसांत अंगातली ऊबही धोकादायक पातळीपर्यंत उतरते. पडण्याची वेळ आणि मदत पोहोचण्याची वेळ यांतले अंतर कमी करणे, हे सेन्सरचे मुख्य काम आहे.

हा लेख महाराष्ट्रातील आणि गोव्यातील लहान-मध्यम आश्रमांच्या विश्वस्तांसाठी, व्यवस्थापकांसाठी आणि रात्रपाळी सांभाळणाऱ्या प्रमुख मावशींसाठी लिहिला आहे. विक्रेत्याचे माहितीपत्रक हातात आले आहे, एखाद्या देणगीदाराने पैसे देऊ केले आहेत, पण नेमके काय घ्यावे आणि कुठून सुरुवात करावी हे ठरत नाही, अशा टप्प्यावर असलेल्यांना तो उपयोगी पडावा.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बहुतेक सेन्सर पडणे थांबवत नाहीत, ते पडल्याची किंवा पडण्याची शक्यता निर्माण झाल्याची खबर देतात. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या १६ विभागांत झालेला आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या बाबतीत बोलका आहे. तिथे काही विभागांत बेड अलार्मचा (रुग्ण खाटेवरून उठू लागताच वाजणाऱ्या घंटेचा) वापर मुद्दाम वाढवण्यात आला आणि तो खरोखरच वाढला, पण त्यामुळे रुग्ण पडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसून आले नाही. याचा अर्थ उपकरणे निरुपयोगी आहेत असा नव्हे. घंटा वाजल्यावर कोण उठते, किती वेळात पोहोचते आणि पोहोचल्यावर काय करते, हे ठरलेले नसेल तर उपकरणावरचा खर्च वाया जातो, असा माझा त्यावरून निष्कर्ष आहे. म्हणून पुढच्या पायऱ्यांत खरेदीचा क्रमांक उशिरा येतो.

पहिली पायरी : एक महिना वहीत नोंद ठेवावी

खरेदीपूर्वी किमान एक महिना पडझडीची साधी नोंदवही ठेवावी. प्रत्येक वेळी कोण पडले, कुठे, किती वाजता, पायात काय होते, दिवा लागलेला होता का, झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेऊन किती वेळ झाला होता, किती वेळाने आणि कोणाच्या लक्षात आले, एवढे लिहावे. ‘पडता पडता वाचले’ अशा प्रसंगांचीही नोंद घ्यावी, कारण पुढच्या पडण्याची सूचना बहुधा त्यांतच दडलेली असते. सोबत इमारतीचा हाताने काढलेला नकाशा ठेवावा आणि प्रत्येक प्रसंगाची खूण त्यावर करावी. खाट, बाथरूम, उंबरठा, जिन्याची पहिली पायरी, अंगणातली शेवाळलेली जागा असे सगळे त्या कागदावर यावे.

महिनाअखेर या नकाशाकडे पाहिले की खुणा काही ठरावीक जागी गर्दी करतात असे दिसते. रात्री लघवीला उठणे हा त्यांतला नेहमीचा प्रसंग. वयोवृद्ध माणूस झोपेतून एकदम उभा राहिला की अनेकदा रक्तदाब उतरतो (उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून अधिकने घसरला, तर डॉक्टर त्याला आजार म्हणूनच पाहतात), डोळ्यांपुढे अंधारी येते आणि पुढचे पाऊल चुकते. अशा रहिवाशाची औषधे आणि त्यांच्या वेळा डॉक्टरांकडून तपासून घेणे हा उपाय कोणत्याही सेन्सरपेक्षा आधी करायचा आहे. लघवी वाढवणारी गोळी रात्रीऐवजी सकाळी देता येईल का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांना विचारल्यानेही रात्रीच्या फेऱ्या कमी होऊ शकतात.

दुसरी पायरी : रात्री कोण धावणार, हे कागदावर आणावे

समजा, दोन मजल्यांचा ३० रहिवाशांचा आश्रम आहे आणि रात्री दोन मावशी ड्युटीवर असतात. एक मावशी खालच्या मजल्यावर एका आजींचा डायपर बदलत असताना वरच्या मजल्यावरची घंटा वाजली, तर ती सोडून येणार का? दुसरी मावशी त्याच वेळी झोपलेली असली तर? दोघींनाही जाता आले नाही तर तिसरे माणूस कोण, आणि ते आवारात राहते की गावात? या प्रश्नांची उत्तरे नावानिशी लिहिली गेल्याशिवाय एकही उपकरण विकत घेऊ नये.

खबर तीन पातळ्यांवर वाटून घेतल्यास कामाचा बोजा आवाक्यात राहतो. बाथरूममधली हाक, पडल्याची सूचना, गॅस किंवा धूर यांसाठी हातातले काम सोडून धावायचे. पडण्याचा धोका असलेला रहिवासी खाटेवरून उठला किंवा कोणी बाथरूममध्ये नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबला, तर लगेच जाऊन डोकवायचे. झोप कमी झाली, फेऱ्या वाढल्या अशा गोष्टी सकाळी पाळी बदलताना वाचायच्या, त्यांसाठी रात्री घंटा वाजण्याचे कारण नाही. पहिल्या पातळीच्या घंटेला मिनिटभरात कोणी प्रतिसाद दिला नाही तर ती आपोआप दुसऱ्या माणसाकडे आणि त्यानंतर व्यवस्थापकाकडे जायला हवी.

विक्रेत्याशी बोलताना एक अट सोडू नये : घंटा बंद करण्याचे बटण रहिवाशाच्या खोलीत किंवा बाथरूमच्या दाराशी असावे, मावशींच्या ड्युटीच्या टेबलावर नसावे. टेबलावरून घंटा बंद करता आली की थकलेला माणूस कधीतरी ती तिथूनच बंद करतो आणि ‘पाच मिनिटांनी जाऊ’ असे म्हणतो. खोलीत गेल्याशिवाय घंटा थांबतच नसेल तर कोणीतरी खोलीत गेलेच आहे, याची खात्री उपकरणच देते.

तिसरी पायरी : कमी खर्चाची कामे आधी उरकावीत

पडणे खरोखर टाळू शकेल असा सर्वांत स्वस्त सेन्सर म्हणजे हालचाल जाणवताच आपोआप लागणारा मंद दिवा. तो खाटेच्या पायथ्याशी, गुडघ्याखालच्या उंचीवर, डोळ्यांवर प्रकाश येणार नाही असा लावावा. खाटेपासून बाथरूमच्या दारापर्यंत असे दोन-तीन दिवे लागले की भिंतीवरचे बटण चाचपडत अंधारात चालण्याचा प्रसंग येत नाही. पिवळसर प्रकाशाचा दिवा घ्यावा, कारण पांढऱ्या झगझगीत उजेडाने झोप उडते.

दुसरे काम बाथरूममधल्या हाकेच्या दोरीचे. अनेक ठिकाणी हाकेचे बटण कमोडशेजारी छातीच्या उंचीवर बसवलेले असते. बसलेल्या माणसासाठी ते योग्य आहे, पण फरशीवर आडवा पडलेला माणूस तिथवर हात पोहोचवू शकत नाही. ब्रिटनमध्ये याबाबतची पद्धत अनुकरणीय आहे : छतापासून लाल दोरी सोडतात आणि तिला दोन लाल कड्या असतात, एक जमिनीपासून ८० ते १०० सेंटिमीटरवर आणि दुसरी फक्त १० सेंटिमीटरवर. आपल्याकडेही जवळचा वायरमन हे काम करू शकतो. सफाई करणाऱ्या व्यक्तीला मात्र बजावून ठेवावे लागते, कारण फरशी पुसताना अडते म्हणून ही दोरी वर गुंडाळून ठेवली जाते आणि मग ती असून नसल्यासारखी होते. रोज सकाळच्या फेरीत प्रत्येक दोरी खालपर्यंत लोंबते आहे का, हे बघण्याची सवय लावावी. दोरी कमोडजवळ असावी आणि अंघोळीच्या स्टुलाजवळही असावी. बाथरूम मोठे असेल तर दोन दोऱ्या घ्याव्यात.

चौथी पायरी : सेन्सरचे प्रकार ओळखून निवड करावी

आता नोंदवही आणि नकाशा समोर ठेवून उपकरणांकडे वळता येते. प्रत्येक प्रकाराला त्याची मर्यादा असते आणि ती आपल्या हवामानात, आपल्या घरांच्या बांधणीत नेमकी कशी दिसते, हे माहितीपत्रकात क्वचितच लिहिलेले असते.

हालचाल टिपणारा पीआयआर सेन्सर शरीराच्या उष्णतेतून निघणाऱ्या अवरक्त किरणांतला बदल ओळखतो. तो स्वस्त असतो, फार कमी वीज खातो आणि त्यात चित्र नसते. मात्र माणसाचे अंग आणि मागची भिंत यांच्या तापमानात फरक असेल तोवरच त्याला माणूस दिसतो. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत एप्रिल-मे महिन्यांत खोलीतली भिंतच अंगाइतकी तापते आणि अशा दुपारी हा सेन्सर समोरून गेलेल्या माणसालाही चुकवू शकतो. विदर्भातल्या आश्रमांनी त्याची चाचणी भर उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी, डिसेंबरमध्ये घेतलेल्या चाचणीवर विसंबू नये. उलट त्याच्या काचेवरून पाल किंवा किडा फिरला तरी तो सूचना देतो. त्यामुळे तो ट्यूबलाइटच्या शेजारी लावू नये, कारण दिव्याभोवती किडे जमतात आणि किड्यांमागे पाली येतात.

दाराचा सेन्सर म्हणजे एका बाजूला लोहचुंबक आणि दुसऱ्या बाजूला त्याला प्रतिसाद देणारा छोटा स्विच. दार उघडले की दोन्ही दूर जातात आणि सूचना मिळते. स्मृतिभ्रंश असलेला रहिवासी रात्री ‘मला घरी जायचंय’ म्हणत फाटकाकडे निघतो, तेव्हा याचा उपयोग होतो. पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि नीट बंद होत नाही, मग दार लावलेले असूनही सेन्सर ते उघडे असल्याचे सांगतो. जून महिन्यात चुंबक व स्विच यांच्यातले अंतर पुन्हा तपासावे. दाराला बाहेरून कडी घालणे हा या सेन्सरला पर्याय नव्हे, कारण आग लागली तर तीच कडी जीवघेणी ठरते.

खाटेचा सेन्सर गादीखाली ठेवतात. साध्या प्रकारात भार हटला की सूचना येते. महागड्या प्रकारात श्वासाची आणि हृदयाच्या ठोक्यांची सूक्ष्म कंपनेही नोंदली जातात. कापसाच्या गादीत गोळे झालेले असतील किंवा सवयीने दोन गाद्या एकावर एक घातल्या असतील, तर भार नीट पोहोचत नाही. ही पट्टी साधारणपणे छातीखाली किंवा कमरेखाली येते, म्हणून उशाकडे सरकून झोपणाऱ्या किंवा अर्धवट बसून झोपणाऱ्या रहिवाशांसाठी तिची जागा बदलावी लागते. हा सेन्सर सर्वांना लावू नये. जे आधाराशिवाय उठले की पडतात आणि जे हाक मारायला विसरतात, अशांनाच तो लावावा.

अंगावर घालायचे बटण गळ्यात किंवा मनगटावर असते. हुशारीत असलेल्या रहिवाशासाठी ते उत्तम, पण अंघोळीला जाताना ते खुंटीला लटकवले जाते आणि नेमका धोका तिथेच असतो. म्हणून पाणी चालणारेच बटण घ्यावे. गळ्यातली दोरी ओढ बसताच सुटणारी असावी, नाहीतर खाटेच्या कठड्यात अडकून फास बसू शकतो. गळ्यात आधीच तुळशीची माळ किंवा मंगळसूत्र असलेल्यांना आणखी एक दोरी नकोशी वाटते, त्यांना मनगटाचा पट्टा द्यावा. एका आजींनी ते बटण किल्ल्यांच्या जुडग्याला लावून कमरेला खोचण्याची पद्धत सुरू केली, तर त्यांना तसेच करू द्यावे, फक्त बसता-उठता ते चुकून दाबले जात नाही ना, एवढे पाहावे.

रडार सेन्सर हा यांतला सर्वांत नवा प्रकार. तो भिंतीवर किंवा छताला लावतात आणि सुमारे ६० गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरी सोडून परत येणाऱ्या लहरींवरून माणसाची उंची, जागा आणि हालचाल ओळखतो. चित्र टिपले जात नसल्याने बाथरूममध्येही तो लावता येतो, अंगावर काही घालावे लागत नाही आणि मच्छरदाणीचा त्याला अडथळा होत नाही. आपल्याकडची त्याची मोठी अडचण म्हणजे छताचा पंखा. फिरणारी पाती ही रडारला अखंड हालचालच वाटते. पंखा त्याच्या टप्प्याबाहेर राहील अशी जागा निवडावी किंवा सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा भाग वगळून घ्यावा आणि चाचणी पंखा पूर्ण वेगात असताना घ्यावी. वाऱ्याने हलणारे पडदे आणि लहरी परतवणारी लोखंडी कपाटेही फसवतात. हळूहळू घसरत खुर्चीतून खाली बसणाऱ्या माणसाचे पडणे काही रडार ओळखत नाहीत, म्हणून रडार असले तरी दोरी काढून टाकू नये.

एक सावधगिरीची सूचना परदेशातून उपकरणे आणणाऱ्यांसाठी. अमेरिकेत राहणारी मुले आई-वडिलांसाठी तिथली उपकरणे प्रेमाने आणतात. तिथली अनेक बिनतारी उपकरणे ९०८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, तर भारतात याच प्रकारच्या वापरासाठी परवान्याविना मोकळा असलेला पट्टा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा आहे. शिवाय तिकडची वीज १२० व्होल्टची असते. असे उपकरण इथे बेकायदा ठरू शकते आणि इथल्या यंत्रणेशी त्याचे जुळत नाही. भारतात घेतलेल्या प्रत्येक बिनतारी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग शाखेची मान्यता आहे का, हे विक्रेत्याला विचारून तिची प्रत फाइलला लावावी.

पाचवी पायरी : धूर, गॅस आणि गिझर

या भागात जागा चुकली की सेन्सर असूनही उपयोग होत नाही. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा सेन्सर जमिनीपासून साधारण वीतभर ते फूटभर उंचीवर लावावा. मुंबई-पुण्यात पाइपने येणारा नैसर्गिक वायू मुख्यतः मिथेन असतो, तो हलका असल्याने वर जातो आणि त्याचा सेन्सर छताजवळ हवा. आश्रम सिलिंडरवरून पाइपच्या गॅसकडे वळला असेल, तर जुना सेन्सर तसाच खाली राहिला नाही ना, हे अवश्य पाहावे.

स्वयंपाकघरात धुराचा सेन्सर लावू नये. मिरचीच्या फोडणीने तो रोज वाजेल आणि आठवड्याभरात कोणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवेल. तिथे तापमान वाढल्यावर वाजणारा सेन्सर योग्य. धुराचे सेन्सर खोल्यांत आणि व्हरांड्यात असावेत, पण देवघरापासून आणि संध्याकाळी धूप फिरवला जातो त्या वाटेपासून दूर. एकादशीला किंवा आरतीच्या वेळी घंटा वाजू लागली तर दोष आरतीचा नसतो, जागेचा असतो.

गॅस गिझरच्या बाबतीत तडजोड करू नये. बंद बाथरूममध्ये गॅस गिझर पेटलेला असताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो आणि माणूस काही कळायच्या आत बेशुद्ध होतो. आश्रमात असा गिझर असेल तर तो बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेत हलवावा आणि हलवेपर्यंत वापरू नये. कार्बन मोनॉक्साइडचा सेन्सर ही त्यानंतरची जोड आहे.

सहावी पायरी : वीज, रेंज आणि इंटरनेट

विक्रेत्याला विचारायचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा : इंटरनेट बंद असताना इमारतीतली घंटा वाजते का? उत्तर ‘नाही’ असेल तर ती यंत्रणा मोबाइलवर आलेख पाहण्यासाठी ठीक आहे, जीव वाचवण्यासाठी नाही. सेन्सरपासून आश्रमातल्या घंटेपर्यंतचा मार्ग इमारतीच्या आत पूर्ण व्हायला हवा.

लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर दिवे-पंखे चालतात, पण वाय-फायचा राउटर आणि सेन्सरचे मुख्य यंत्र बहुधा दुसऱ्याच सॉकेटवर असते आणि ते इन्व्हर्टरला जोडायचे राहून जाते. ही जोडणी इलेक्ट्रिशियनकडून पहिल्याच दिवशी करून घ्यावी. दगडी भिंतींच्या जुन्या वाड्यात किंवा मधल्या स्लॅबमुळे दोन मजल्यांच्या इमारतीत बिनतारी संदेश अडतो. तिथे प्रत्येक मजल्यावर एक पुनर्प्रक्षेपक (संदेश पकडून पुढे पाठवणारे यंत्र, रिपीटर) लागतो किंवा सरळ तारेची घंटा जास्त भरवशाची ठरते. कोकण-गोव्याच्या किनाऱ्यावर खारट, दमट हवेने जोडण्या गंजतात, तेव्हा बंद आवरणाची उपकरणे घ्यावीत आणि पावसाळा संपताच सगळ्या जोडण्या उघडून बघाव्यात.

सातवी पायरी : रहिवाशांची संमती

वृद्धाश्रम हे रहिवाशांचे घर आहे. त्या घरात काय बसवायचे, हे ठरवण्याचा अधिकार शुल्क भरणाऱ्या मुलाचा किंवा विश्वस्तांचा नव्हे, तर त्या खोलीत झोपणाऱ्या माणसाचा आहे, असे मी ठामपणे मानतो. कायदाही त्याच दिशेने जातो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ नुसार माहिती गोळा करण्यापूर्वी तिचा हेतू सांगून संमती घ्यावी लागते, ती संमती मागे घेता येते आणि संमतीची विनंती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषांत, म्हणजे मराठीत आणि कोकणीतही, उपलब्ध करून द्यावी लागते.

संमतीचा कागद एका पानाचा, मोठ्या अक्षरांत असावा. ‘तुमच्या गादीखाली एक पट्टी ठेवू. तुम्ही रात्री उठलात की मावशींना कळेल. यात फोटो किंवा आवाज टिपला जात नाही. नको वाटले तर कधीही काढून घेऊ’, इतक्या सोप्या भाषेत तो वाचून दाखवावा. उपकरण हातात देऊन बघू द्यावे. स्मृतिभ्रंश असलेल्यांच्या बाबतीत कायदेशीर पालकाची संमती घेतली तरी त्या व्यक्तीलाही दरवेळी सांगावे आणि ती पट्टी ओढून काढत असेल, वैतागत असेल, तर तो तिचा नकार समजून दुसरा मार्ग शोधावा.

कॅमेरा फक्त फाटक, व्हरांडा आणि स्वयंपाकघर एवढ्याच ठिकाणी असावा. खोलीत आणि बाथरूममध्ये तो कोणत्याही कारणासाठी असू नये. नातेवाइकांना मोबाइलवर काय दिसावे हेही आधी ठरवावे. पुण्यातल्या आश्रमातली आई रात्री किती वेळा उठली, हे न्यू जर्सीतल्या मुलाला क्षणाक्षणाला कळण्याची गरज नसते. त्यातून रोज काळजीचे फोन येतात आणि आईलाही आपल्यावर पाळत असल्यासारखे वाटते. पडल्याची खबर आणि आठवड्याचा थोडक्यात आढावा एवढे पुरे, आणि तेही आईने हो म्हटले तर. रहिवाशांच्या तक्रारीसाठी ज्येष्ठ नागरिकांच्या राष्ट्रीय हेल्पलाइनचा १४५६७ हा क्रमांक दर्शनी भागात लावावा.

आठवी पायरी : रात्रीची चाचणी

विक्रेता दुपारी येतो, व्यवस्थापक जागा असतो, मावशी शेजारी उभी असते आणि घंटा वाजते. ही चाचणी नव्हे. खरी चाचणी रात्री तीनच्या सुमारास, नेहमीच्या पाळीत, आधी दिवस न सांगता घ्यावी, मात्र ‘या महिन्यात कधीतरी चाचणी होईल’ एवढे सर्वांना माहीत असावे. कार्यालयातल्या एका धडधाकट व्यक्तीने बाथरूमच्या फरशीवर सतरंजी घालून आडवे व्हावे, हात पोहोचेल ती दोरी ओढावी आणि घड्याळ लावावे. दोरी ओढल्यापासून मावशीचा हात खांद्याला लागेपर्यंतचा वेळ मिनिट-सेकंदांत लिहावा. माझ्या मते तो तीन मिनिटांच्या आत असावा. जास्त लागला तर कारण शोधावे : दाराला आतून कडी होती का, जिन्याच्या दाराची किल्ली कोणाकडे होती, खोली क्रमांक नीट कळला का. बाथरूमच्या कड्या बाहेरूनही उघडता येतील अशा बसवणे किती गरजेचे आहे, हे बहुतेक आश्रमांना अशा चाचणीतच उमगते. हीच चाचणी एकदा लाईट बंद करून आणि एकदा इंटरनेट काढून घ्यावी.

मावशींना पोहोचल्यावरची कृतीही शिकवायला हवी. पडलेल्या माणसाला दोन्ही काखांत हात घालून झटकन उभे करण्याची आपल्याकडे रीत आहे आणि ती धोक्याची आहे. आधी शेजारी बसून बोलावे, कुठे दुखते ते विचारावे. एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेले असेल, तर खुब्याचे हाड मोडल्याची शक्यता मोठी असते. डोक्याला मार लागला असेल आणि ती व्यक्ती रक्त पातळ करणारे औषध घेत असेल, तर वरून जखम दिसत नसली तरी डॉक्टरांकडे न्यावेच लागते. अशा वेळी जागेवरच पांघरूण घालून १०८ क्रमांकाला फोन करावा. हालचाल न दुखता होत असेल तर आधी कुशीवर, मग गुडघ्यांवर, मग शेजारी आणलेल्या खुर्चीचा आधार घेऊन त्या व्यक्तीला स्वतःहून उठू द्यावे.

नववी पायरी : खोट्या घंटा कमी करणे

वरच्याच आश्रमाचे उदाहरण घ्यावे. ३० खाटांना ३० सेन्सर लावले आणि प्रत्येकाने आठ तासांच्या रात्रीत एकच खोटी घंटा वाजवली, तरी दर १६ मिनिटांनी एक घंटा होते. तिसऱ्या रात्री मावशी त्या आवाजाला सरावते आणि चौथ्या रात्री खरी घंटाही त्याच सवयीत बुडून जाते. त्यामुळे पहिल्या महिन्यात सर्वाधिक धोका असलेल्या चार-पाच रहिवाशांपासूनच सुरुवात करावी आणि घंटा खरी होती की खोटी, याची खूण वहीत करावी. एखादा सेन्सर सतत खोटे वाजत असेल तर जागा बदलावी, मर्यादा बदलावी आणि तरीही जमत नसेल तर तो काढून टाकावा.

मर्यादा प्रत्येकासाठी वेगळी हवी. बाथरूममध्ये २० मिनिटे हे एका आजोबांसाठी काळजीचे कारण असेल, तर बद्धकोष्ठतेचा त्रास असलेल्या दुसऱ्यांसाठी ४० मिनिटेही नेहमीचीच असतील. आठवडाभराची नोंद पाहून त्या माणसाची मर्यादा ठरवावी आणि औषध बदलले, तब्येत बदलली की ती पुन्हा पाहावी. घंटेसोबत येणारा संदेश मराठीत असावा आणि त्यात यंत्राच्या क्रमांकाऐवजी ‘वरचा मजला, खोली ७, बाथरूम’ असे लिहिलेले असावे.

घंटेला किती वेळात प्रतिसाद मिळाला, ही नोंद पगार कापण्यासाठी वापरू नये. तसे एकदा झाले की सेन्सरच्या तारा निघू लागतात, बटणे दाबून ठेवली जातात आणि नोंदीवर विश्वास ठेवता येत नाही. वेळ वारंवार जास्त लागत असेल तर त्याचा अर्थ बहुधा रात्री माणसे कमी आहेत असा असतो. सेन्सर आले म्हणून रात्रपाळीतले एक माणूस कमी करण्याचा प्रस्ताव विश्वस्तांच्या बैठकीत कधीतरी येतोच. त्या वेळी हीच नोंदवही टेबलावर ठेवावी.

पुढची देखभाल

बॅटऱ्या बदलण्याचे दोन दिवस ठरवून टाकावेत. पाडवा आणि दसरा यांत साधारण सहा महिन्यांचे अंतर असते आणि ते कोणी विसरत नाही. त्या आठवड्यात प्रत्येक सेन्सर वाजवून पाहावा, धुराच्या सेन्सरमधली धूळ आणि कोळिष्टके काढावीत, बॅटरी बदलल्याची तारीख उपकरणावरच चिकटवावी. धूर आणि गॅस सेन्सरच्या पाठीवर छापलेली वापराची मुदत संपली असेल तर ते वाजत असले तरी बदलावेत. वार्षिक देखभाल करारात बिघाड किती तासांत दुरुस्त होईल, तोवर बदली उपकरण मिळेल का आणि कंपनी बंद पडली तर साठवलेली माहिती कोणाकडे जाईल, हे लिहून घ्यावे.

रहिवासी आश्रम सोडून गेला किंवा निवर्तला, तर त्याच्या नावावरची माहिती पुसून टाकण्याची जबाबदारी एका व्यक्तीकडे द्यावी. खाट पुढच्या माणसाला देण्यापूर्वी सेन्सरवरचे नाव, मर्यादा आणि नातेवाइकांचे क्रमांक बदलले आहेत का, हे पाहावे. जुन्याच मर्यादेवर चालणारा सेन्सर नव्या रहिवाशाबद्दल चुकीची खबर देतो आणि जुन्या कुटुंबाच्या फोनवर मध्यरात्री ‘खोली ७’चा संदेश जाऊ शकतो. नव्या रहिवाशासोबत संमतीचा कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचावा आणि त्याला सेन्सर नकोच असेल तर पट्टी काढून कपाटात ठेवावी, बाथरूममधली दोरी मात्र कुठे आहे ते हाताला लावून दाखवावे.